जालना : दोन रात्रींच्या मुक्कामाचा जिल्हा

जालना. मराठवाड्यातील जिल्हा आणि त्याच नावाचे जिल्ह्याचे ठिकाण. क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौ. किमी.; लोकसंख्या १९,५९,०४६ (२०११), पैकी जालना शहराची २,८५,५७७. औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर हे तालुके एकत्र करून १ मे १९८१ रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. पुढे बदनापूर, घनसावंगी आणि मंठा हे तालुके झाल्याने आज त्यात आठ तालुके आहेत. दक्षिणेच्या सीमेवरून गोदावरी वाहते, उत्तरेकडे पूर्णा आणि तिला मिळणाऱ्या गिरजा, केळणा, जुई या नद्या आहेत, मधल्या पट्ट्यात दुधना आणि कुंडलिका.

मराठवाडा पाहायला येणारा प्रवासी वेरूळ, अजिंठा आणि दौलताबाद करतो, वेळ उरला तर पैठणला जातो आणि जालना स्थानकावर फार तर चहा घेतो. या नोंदीचे म्हणणे असे, की जालन्यात निदान दोन रात्री थांबावे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, या जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला आहे. यादवांची देवगिरी पश्चिमेला. प्रतिष्ठानहून उज्जयिनीकडे जाणारा प्राचीन व्यापारी मार्ग आजच्या भोकरदनवरून जात असे. जालना स्वतः कधी मोठी राजधानी नव्हते, पण राजधान्यांचा माल, त्यांचे सैन्य आणि त्यांचे यात्रेकरू ज्या वाटांनी गेले त्या वाटा इथल्या आहेत. राजधानीतला किल्ला पाहून जे कळत नाही, ते भोकरदनच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, आणि असईच्या शेतांत उभे राहिल्यावर कळते.

पोहोचणे सोपे आहे. मनमाड–काचीगुडा रेल्वेमार्गावर जालना हे मोठे स्थानक. निजामाच्या राज्यात हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने १९०० च्या सुमारास हा मार्ग सुरू झाला; तो मीटरगेज होता आणि नव्वदच्या दशकात रुंद झाला. मुंबईहून देवगिरी, नंदीग्राम, तपोवन या गाड्या वर्षानुवर्षे लोकांच्या सवयीच्या आहेत. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली आणि २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढवण्यात आली. जालन्यातून सुटणारी गाडी नांदेडहून येऊ लागली की आरक्षणाचे गणित बदलते. त्यामुळे सण, लग्नसराई आणि पैठणच्या नाथषष्ठीच्या दिवसांत तिकीट आधीच काढून ठेवावे.

रस्त्याने येणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो. नागपूर–शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि मुंबईपर्यंतचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या मार्गावर दुचाकी आणि रिक्षांना बंदी आहे, हे गावाकडून मोटारसायकलने निघणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. सर्वांत जवळचा विमानतळ छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीचे औरंगाबाद), चिकलठाण्याला. तो जालना रस्त्यावरच असल्याने शहरात न शिरता तासाभरात जालना गाठता येते. दोन्ही शहरांतले अंतर साठेक किमी. असून एस.टी.ची वर्दळ दिवसभर असते. एस.टी.त महिलांना निम्मे भाडे आहे आणि ७५ वर्षांपुढील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे लागते.

कुंडलिका नदीने शहराचे दोन भाग केले आहेत. एका काठावर जुना जालना, दुसऱ्यावर नवा जालना. नव्या जालन्याचे जुने नाव कादराबाद. पत्ता विचारताना आधी ‘जुना की नवा’ हे ठरवून घ्यावे, कारण रिक्षावाल्याचा पहिला प्रश्न तोच असतो. रेल्वे स्थानक जुन्या जालन्यात आहे, गांधी चमनही तिकडेच. घाऊक बाजारपेठ, सराफा आणि गजबज नव्या जालन्यात. उतरण्यासाठी जालना शहरच सोयीचे. तालुक्याच्या गावांत निवासाची सोय मोजकी असल्याने शहरात मुक्काम करून एक दिवस उत्तरेला आणि एक दिवस दक्षिणेला जावे.

शहराचा इतिहास श्रीमंतीचा आणि त्या श्रीमंतीमुळे ओढवलेल्या संकटांचा आहे. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण आजही सर्रास ऐकू येते. ही श्रीमंती हेरूनच छत्रपती शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६७९ मध्ये मोगलांच्या या पेठेवर धाड घातली. परतताना संगमनेरजवळ मोगली फौजेने गाठले. त्या लढाईत सिधोजी निंबाळकर पडले, आणि बहिर्जी नाईकांनी आडवाटेने महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप नेले. महाराजांनी तिथे विश्रांती घेतली म्हणून पट्ट्याचे नाव विश्रामगड झाले, ही गोष्ट अकोले-सिन्नरकडच्या भटक्यांना पाठ असते. तिची सुरुवात जालन्याच्या बाजारात झाली हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आज दिसणाऱ्या वास्तू बहुतेक त्यानंतरच्या. शहराच्या पूर्वेची गढी १७२५ मध्ये पहिला निजाम आसफजाह याच्या आज्ञेने काबिलखानाने बांधली. तो भाग आता मस्तगड म्हणून ओळखला जातो. जुन्या तटबंदीचे दरवाजे, त्यांतला विशेषतः मूर्ती दरवाजा, रहदारीच्या गर्दीतच पाहावे लागतात. ते सकाळी लवकर पाहावेत, दुकाने उघडण्याआधी. जमशेदखानाच्या नावाशी जोडलेली काळी मशीद आणि मोती तलाव त्याहून जुने. जुन्या जालन्यातील आनंदी स्वामींचे मंदिर महादजी शिंदे यांनी बांधल्याचे सांगतात. आषाढी एकादशीला तिथे यात्रा भरते आणि पंढरपूरला जाऊ न शकलेले अर्धे शहर तिथे लोटते. जैन भाविकांसाठी गुरू गणेश तपोधाम हे मोठे श्रद्धास्थान आहे. धुळवडीला निघणारी हत्ती रिसाल्याची मिरवणूक ही जालन्याची खास परंपरा. त्या दिवशी शहरात असाल तर कपड्यांची पर्वा न करता रस्त्यावर उतरावे.

इंग्रजी अमदानीत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी १८२७ मध्ये इथे वसली आणि १९०३ मध्ये उठली. छावणीमागोमाग मिशनरी आले. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे रेव्हरंड नारायण शेषाद्री हे मराठी ब्राह्मण कुटुंबातून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक; त्यांनी जालन्यात काम उभे केले आणि हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर शहराबाहेर बेथेल नावाचे गाव वसवले. मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजाचा इतिहास समजून घेणाऱ्याला जालना टाळता येत नाही.

शहर पाहताना पाण्याकडेही लक्ष द्यावे. निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडी जलाशयातून शहराला उताराने पाणी येत असे. तलाव गाळाने भरत गेला, शहर वाढले आणि २०१२-१३ च्या दुष्काळात जालना टँकरवर आले. तेव्हा नागरिकांनी स्वतः पैसे जमवून घाणेवाडीचा गाळ काढण्याचे काम हाती घेतले. पैठणच्या जायकवाडीतूनही नळयोजनेने पाणी आणले गेले. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्याने लॉजमधल्या पाण्याच्या वेळा विचारून घ्याव्यात आणि बादलीभर पाण्यात भागवावे. इथल्या घराघरांत तसेच भागवले जाते.

उत्तरेचा दिवस राजूरपासून सुरू करावा. जालन्याहून भोकरदनच्या रस्त्यावर साधारण पंचवीस किमी. अंतरावर हे गणपतीचे क्षेत्र. गणपतीच्या साडेतीन पीठांत त्याची गणना होते. एरवी दर्शन शांतपणे होते. अंगारकी चतुर्थीला मात्र आदल्या रात्रीपासून जालन्याहून पायी निघालेल्या लोकांनी रस्ता भरून वाहतो, वाहने अडवली जातात आणि दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास जातात. ज्याला ती वारीच अनुभवायची आहे त्याने रात्री चालत निघावे. ज्याला पुढे भोकरदन गाठायचे आहे त्याने चतुर्थी सोडून दुसरा दिवस धरावा.

केळणेच्या काठावरचे भोकरदन हे या जिल्ह्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत कमी पाहिले जाणारे धन. प्राचीन काळी त्याचे नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांची नावे कोरलेली सापडतात; म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी या गावातले लोक माळव्यापर्यंत जात होते आणि तिथे आपल्या गावाचे नाव दगडावर लिहवून घेण्याइतके संपन्न होते. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. मणी, शंखाच्या वस्तू, मातीच्या मूर्ती अशा कारागिरीच्या खुणा मिळाल्या. त्यांतच हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भाग होता, आणि त्या एका तुकड्याने भोकरदनला थेट इटलीशी जोडले.

त्याची हकिकत अशी. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात इ. स. ७९ मध्ये पाँपेई गाडले गेले. १९३८ मध्ये तिथल्या एका घरात हस्तिदंताची, वीतभरापेक्षा थोडी उंच स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर भरगच्च दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. रोमन घरात ही भारतीय स्त्री कुठून आली, हा प्रश्न तेव्हापासून चर्चेत आहे. आधी तिला मथुरेकडची मानले गेले. पुढे तेर आणि भोकरदन येथे तशाच घडणीच्या मूर्ती मिळाल्या, आणि पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी पाँपेईची मूर्ती भोकरदनच्या कारागिरांची असावी असे मांडले. सगळ्या अभ्यासकांना ते मान्य आहे असे नाही. तरी दख्खनचा माल त्या काळी कसा जात होता याची नोंद एका ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’ या पुस्तकात आहेच : पैठण आणि तगर, म्हणजे तेर, इथला माल गाड्यांनी भडोचच्या बंदरात जाई, आणि पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर होते. पाँपेईची ती मूर्ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. युरोपच्या सहलीला जाणाऱ्या मराठी माणसाने नेपल्सला ती जरूर पाहावी. आणि इकडे येणाऱ्याने, ती जिथे घडली असावी असे सांगतात, त्या गावात एक दुपार काढावी.

भोकरदनमध्ये केळणेच्या काठी खडकात कोरलेले वैष्णव लेणेही आहे. ते अजिंठ्यासारखे भव्य नाही. विजेरी बरोबर न्यावी, आणि पावसाळ्यात नदीला पाणी असताना काठावर जपून उतरावे. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे गेल्यास जयदेववाडीचा जाळीचा देव लागतो. महानुभाव पंथाचे हे मोठे तीर्थ. पौर्णिमेला तिथे गर्दी उसळते. भोकरदनहून पुढे अजिंठा लेण्यांकडे जाता येते, त्यामुळे ज्यांना लेणी पाहायची आहेत त्यांनी हाच रस्ता धरावा. लेणी सोमवारी बंद असतात.

भोकरदनच्या पूर्वेला पंधराएक किमी. अंतरावर असई आहे. इंग्रजी पुस्तकांतले ‘असाये’. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्ली इथे लढला. पुढे हाच ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून नेपोलियनविरुद्ध वॉटर्लूला उभा राहिला. तरीही आपली सर्वांत चांगली लढाई म्हणून उतारवयात त्याने असईचेच नाव घेतले.

लढाईच्या दोन दिवस आधी, २१ सप्टेंबरला, वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांची गाठ बदनापूरला पडली. डोंगराच्या दोन बाजूंनी दोघांनी जायचे आणि पुढे एकत्र येऊन हल्ला करायचा, असे ठरले. वेलस्ली जालन्याकडच्या पूर्वेच्या वाटेने निघाला. २३ तारखेला दुपारच्या आधी तो मुक्कामाच्या जागी पोहोचतो तर बातमी आली, की मराठ्यांची फौज भोकरदनला नाही, समोर काही मैलांवरच आहे. स्टीव्हन्सन अजून लांब होता. वेलस्लीने वाट न पाहता चाल करायचे ठरवले.

मराठी फौजेची रचना केळणेच्या उत्तर काठावर होती आणि पायदळाची कमान अँटनी पोलमन या हानोव्हरच्या सेनानीकडे होती. समोरून नदी ओलांडणे म्हणजे तोफांच्या तोंडी जाणे. बाजूला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिले तेव्हा केळणेच्या दोन काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे समोरासमोर दिसली. गावे इतकी जवळ असतील तर त्यांच्यात येण्याजाण्याची वाट असणारच, असा त्याने तर्क केला. उतार निघाला. मराठवाड्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला जे सहज सुचले असते त्याने त्या दिवसाचा निकाल फिरवला.

पण लढाई सोपी झाली नाही. इंग्रज डाव्या बाजूवर येत आहेत हे पाहताच पोलमनने सारी फळी काटकोनात वळवली आणि केळणा व जुई यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात, असई गावाला टेकवून उभी केली. कवायती फौजेनेच करावी अशी ही हालचाल होती, आणि ती शिंद्यांच्या पलटणींनी तोफांसकट केली. असईच्या तोफांपुढे ७४ वी हायलँडर्स पलटण जवळजवळ नाहीशी झाली. तोफा पडल्या असे वाटल्यावर जमिनीवर पडून राहिलेले गोलंदाज पुन्हा उठले आणि इंग्रजांच्या पाठीवर गोळे टाकू लागले. संध्याकाळपर्यंत मैदान इंग्रजांच्या हाती गेले. ९८ तोफा त्यांना मिळाल्या. त्यांच्या बाजूचे ४२८ ठार आणि ११३८ जखमी झाले, म्हणजे लढलेल्या सैन्याचा मोठा हिस्सा. जखमींना अजिंठ्याला हलवण्यात आले. शिंदे आणि भोसले दोघेही लढाई संपण्याआधी निघून गेले होते. गोलंदाज मात्र तोफांशी मेले. त्या वर्षाअखेर देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले आणि दख्खनमधली मराठी सत्ता खिळखिळी झाली.

असईला जाताना लढाईचा नकाशा छापून बरोबर न्यावा. केळणेच्या काठावर उभे राहून जुईची दिशा ओळखावी, मधला पट्टा चालत पार करावा. लढाईचे मैदान म्हणजे आज लोकांची कपाशी, मका आणि सोयाबीनची शेते आहेत. बांधाने जावे, विचारून जावे, पिकात पाय टाकू नये. सप्टेंबरात गेल्यास नदीला त्या दिवशी होते तसे पाणी दिसण्याची शक्यता असते, पण काळ्या मातीचा चिखलही तितकाच. डिसेंबरात चालणे सोपे. गावात पाणी आणि चहा मिळतो, जेवणाचा भरवसा भोकरदनला किंवा जाफराबादला ठेवावा.

दक्षिणेचा दिवस अंबडचा. मासोळीच्या आकाराच्या टेकडीवरचे मत्स्योदरी देवीचे मंदिर जालन्याहून पंचवीसेक किमी. अंतरावर आहे, नवरात्रात तिथे मोठी यात्रा भरते. अंबड होळकरांकडे होते. अहिल्याबाईंनी इथे बांधलेले खंडोबाचे मंदिर आणि त्यांच्या काळातल्या बारवा आवर्जून पाहाव्यात. महेश्वरला नर्मदेच्या घाटांवर जाऊन अहिल्याबाईंचे नाव घेणाऱ्या किती लोकांना त्यांची अंबडची बारव माहीत असते? पायऱ्या उतरताना चप्पल काढावी आणि शेवाळाला भ्यावे.

घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. नारायण सूर्याजीपंत ठोसर यांचा जन्म इथे १६०८ मध्ये रामनवमीला झाला. सातारा, सज्जनगड आणि चाफळ ही नावे समर्थांशी इतकी घट्ट जोडलेली आहेत की ते मराठवाड्याचे होते हे अनेकांच्या लक्षात राहत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये इथल्या मंदिरातील जुन्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. साऱ्या राज्यात हळहळ झाली आणि पोलिसांनी काही महिन्यांत चोरीचा छडा लावला. रामनवमीचा उत्सव हा इथे येण्याचा खरा काळ. एरवी गाव शांत, आणि बसगाड्या मोजक्या. परतीची गाडी विचारल्याशिवाय देवळात शिरू नये.

अंबड तालुक्यातल्याच शहागडला गोदावरी गाठता येते. धुळे–सोलापूर महामार्ग इथे नदी ओलांडून बीड जिल्ह्यात जातो. पलीकडच्या काठावर राक्षसभुवन. १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाचा तिथे पराभव केला. याच टापूतले अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या मराठा आरक्षण आंदोलनाने देशभर माहीत झाले.

ज्यांना राजधानीच पाहायची आहे त्यांनी अंबडहून पाचोडमार्गे पैठणला जावे. एका दिवसात जाऊन येणे होते. सातवाहनांच्या प्रतिष्ठानची पांढर, एकनाथांची समाधी, पैठणीचे हातमाग आणि १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर. फाल्गुन वद्य षष्ठीला म्हणजे नाथषष्ठीला लाखांची गर्दी होते. उलट दिशेला, जालन्याच्या पूर्वेस तीसेक किमी. अंतरावर बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा आहे. जिजाऊंचे जन्मस्थान, लखुजी जाधवांचा राजवाडा. १२ जानेवारीला तिथे जिजाऊ जन्मोत्सव असतो. त्या दिवशी वाहने दूर थांबवून बरेच चालावे लागते.

आजचे जालना कळायचे तर बाजार पाहावा. लोखंडी सळयांचे कारखाने आणि बियाणे कंपन्या ही शहराची दोन चाके. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी इथे सुरू केली. १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळाले. रेशीमकोषांची राज्यातली पहिली बाजारपेठ २०१८ मध्ये जालन्यातच उभी राहिली. त्याआधी इथले शेतकरी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जात. लिलावाच्या वेळी गेले तर व्यापारी पांढऱ्या कोषांच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, मूठभर कोष उचलून कानाशी हलवतो, एखादा कापून आतली अळी पाहतो, आणि मगच भाव बोलतो. शेतकरी समोर उभा असतो. महिनाभर तुतीचा पाला आणून घातला त्याची किंमत त्या दोन मिनिटांत ठरते.

मोसंबीचेही तसेच. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आंबे बहाराची फळे साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, मृग बहाराची उन्हाळ्याच्या तोंडावर. रस्त्यावरच्या गाडीवर रस पिण्यापेक्षा बाजार समितीच्या आवारातून फळे घ्यावीत. पातळ सालीचे, हाताला जड लागणारे फळ रसाळ निघते. शेतीत रस असणाऱ्याने बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र पाहावे. ‘बीडीएन’ नावाने देशभर पेरली जाणारी तूर इथली. कडवंची हे जालना तालुक्यातील गाव पाणलोटाचे काम, शेततळी आणि द्राक्षबागांसाठी नावाजलेले आहे. तिथे आधी कळवून जावे. ते गाव कामात असते.

जेवण साधे आणि तिखट. ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा, येसराची आमटी, धपाटे आणि सोबत जवसाची किंवा कारळ्याची चटणी. मारवाडी व्यापाऱ्यांची वस्ती जुनी असल्याने दाल-बाटीही चांगली मिळते. डिसेंबर-जानेवारीत आलात तर हुरड्याचे आमंत्रण मिळवावेच. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेले कणीस तळहातावर चोळून कोवळे दाणे मोकळे करतात आणि गरम असतानाच खातात. हॉटेलात तो मिळाला तरी तो हुरडा नव्हे, शेतातच खावा.

येण्याचा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पाऊस वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आसपास, तोही लहरी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. त्या दिवसांत बारा ते चार बाहेर पडू नये. शहरात मोबाइलवरून पैसे सगळीकडे चालतात, खेड्यांत सुटे पैसे जवळ असावेत. मराठी, हिंदी आणि दखनी उर्दू सगळीकडे समजते. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशी सकाळी ध्वजवंदन असते आणि सरकारी कचेऱ्या बंद असतात.

शेवटी एक विनंती. भोकरदनच्या किंवा पैठणच्या पांढरीवर पावसाने माती धुऊन गेली की खापराचे तुकडे, मणी, बांगड्यांचे तुकडे उघडे पडतात. हातात घेऊन पाहावेत आणि होते तिथेच ठेवावेत. आठवण म्हणून खिशात टाकलेला मणी घरच्या कपाटात नुसता मणी राहतो. जागेवर राहिला तर पुढच्या उत्खननात त्यावरून घराचा, गल्लीचा आणि व्यापाराचा काळ ठरवता येतो. काही महत्त्वाचे दिसलेच, तर छायाचित्र काढून पुरातत्त्व विभागाला किंवा तहसील कार्यालयाला कळवावे.